नवव्या पानापर्यंत

रोज सकाळी अकरा वाजून काही मिनिटांनी माझ्या ब्लॉगवर एक माणूस यायचा. बाई की बुवा, कुठला, किती वयाचा, काही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की तो सर्चच्या वाटेनं यायचा आणि येताना नेहमी तेच सहा शब्द हातात घेऊन यायचा. "जुने कुलूप न तोडता कसे उघडावे."

मी त्याचं नाव 'अकरावाला' ठेवलं होतं.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. चष्म्याच्या दुकानात मी तेव्हा नवीन लागले होते. अजूनही तिथंच आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल चौकट बसवायची, एकेक भिंग घालायचं, काढायचं आणि विचारत राहायचं, "हे बरं की मघाचं बरं? खालची ओळ दिसते का?" दुकान रिकामं असलं की मागच्या खोलीत भिंगं घासायच्या यंत्राशेजारी एक संगणक होता, तिथं मी बसायचे. बोटांना पांढरी भुकटी लागलेली असायची, ती कीबोर्डवर उतरायची. ब्लॉग कुलपांवर आणि किल्ल्यांवर होता. कारण आमचे बाबा किल्लीवाले.

बाबांचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. जिना जिथं सर्वांत बुटका होतो तिथं त्यांचं स्टूल, जिथं जरा उंच होतो तिथं गिऱ्हाईक. भिंतीवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, माशांच्या थव्यासारख्या, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. कुणी चढलं की डोक्यावर पावलं वाजायची आणि बाबा मान वर न करता सांगायचे, "तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर. आज गुडघा दुखतोय त्यांचा." कुलूप उघडतानाही ते असेच, डोळ्यांपेक्षा कानांनी काम करायचे. कुलपाला कान लावायचा, तार आत सोडायची आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत राहायचं.

पहिला लेख मी त्यांच्या त्या गुणगुणण्यावरच लिहिला. मथळा दिला, 'जुने कुलूप न तोडता कसे उघडावे'. तो मथळा मी संध्याकाळी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. बाबा बाजूला पाय धूत होते.

"पुढचं वाच की," आई म्हणाली.

"नाही. हे घरच्यांसाठी नाही. घरचे वाचणार असले तर मला लिहिताच येणार नाही."

"बरं बाई. आम्ही आंधळे."

बाबांनी पाय पुसले, टॉवेल दोरीवर टाकला आणि आत गेले. मी सत्तावीस वर्षांची होते. आपल्या मनातलं घरच्यांपासून लपवायचं आणि साऱ्या जगासमोर मांडायचं, यात काही विचित्र आहे हे तेव्हा मला कळत नव्हतं.

जगाला अर्थात माझी पडलेली नव्हती. पहिले दोन महिने ब्लॉगच्या कोपऱ्यातला आकडा मीच वाढवत होते. सकाळी उघडून बघायचे आणि खूश व्हायचे की कालपेक्षा एक वाढला. तो एक म्हणजे मी, हे लक्षात यायला आठवडा गेला.

मग मला बागवाली भेटली. ती कुठल्याशा दूरच्या गावात बाल्कनीतल्या कुंड्यांवर लिहायची. आजपर्यंत आम्ही समोरासमोर भेटलेलो नाही. तिनं माझ्या लेखाखाली लिहिलं, "छान आहे, पण तुमच्या घराला खिडकीच नाही. लोक डोकावणार कुठून?" आणि मग तिनं मला सगळं शिकवलं. चार जणांकडे जा, त्यांचं मनापासून वाच, खाली दोन ओळी लिही. नुसतं 'छान' म्हणू नकोस, काय आवडलं ते सांग. ते आपणहून तुझ्याकडे येतात. आपल्या ब्लॉगच्या कडेला त्यांच्या नावांची यादी लाव, ते तुझं नाव लावतात. त्या यादीला आम्ही 'शेजार' म्हणायचो. माझ्या शेजारात अकरा घरं होती. कुणी जुनी पेनं दुरुस्त करायचा, कुणी बसमधून दिसणाऱ्या पाट्यांवर लिहायची. कुणी चार दिवस दिसलं नाही तर बाकीचे विचारपूस करायचे.

बागवाली पुढे म्हणायची, "शेजारी प्रेमानं येतात. पण अनोळखी माणूस येतो तो सर्चमधून. त्याला तुझं नाव ठाऊक नसतं, त्याला फक्त त्याची अडचण ठाऊक असते. तो जे शब्द टाइप करेल तेच मथळ्यात हवेत. आणि एक ध्यानात ठेव, दुसऱ्या पानावर कुणी जात नाही. पहिल्या पानावर दिसलीस तर आहेस, नाहीतर नाहीस."

आमचा काउंटर गरीब होता. किती आले, किती वाजता आले, कुठल्या शब्दांनी आले आणि कुठल्या पानावर किती वेळ थांबले, एवढंच सांगायचा. त्यात मला अकरावाला सापडला.

"हाच तुझा खरा वाचक," बागवालीनं लिहिलं. "ना नात्याचा, ना ओळखीचा. याला सोडू नकोस."

मी कशाला सोडते. मी त्याच्यासाठीच लिहू लागले. तो सुट्टीच्या दिवशी येत नसे, म्हणून मी ठरवलं की तो कुठल्यातरी कचेरीत असणार. रोज तेच विचारतो, म्हणजे त्याच्याकडे एक उघडत नसलेलं कुलूप असणार. कसलं बरं? मेलेल्या बायकोची पेटी असेल. भावाशी भांडण होऊन बंद झालेली खोली असेल. मी त्याच्यासाठी गंजावर लेख लिहिले, तुटलेल्या किल्लीवर लिहिले, किल्ली हरवल्यावर माणसं आधी स्वतःचे खिसे आणि मग दुसऱ्याचे चेहरे तपासतात त्यावर लिहिलं. तो यायचा, पहिल्या लेखावर उतरायचा, तिथून लेखांच्या यादीतून नव्या लेखावर जायचा. अर्धा तास थांबायचा. त्यानं कधी एक अक्षर लिहिलं नाही.

आईला मी अकरावाल्याबद्दल सांगितलं होतं. ती माझी थट्टा करायची. "तुझा तो अकराचा आला का गं आज? जेवला का?"

बाबा तेव्हा कानशीच्या दातांत अडकलेला कीस ब्रशनं काढत बसलेले असायचे.

चौदा वर्षं असं चाललं. शेजार हळूहळू ओस पडला. पेनवाला थांबला, पाट्यांवर लिहिणारी थांबली. यादीतल्या नावावर क्लिक केलं की 'हे पान सापडत नाही' असं यायचं. शेवटी बागवालीनंही कुंड्यांचं लिहिणं सोडलं आणि दुसऱ्यांच्या साइट सर्चमध्ये वर आणून द्यायचं काम धरलं. हुशारच होती ती. दीड वर्षापूर्वी तिनं मला फोनवर सांगितलं, "अगं, कुठल्या जमान्यात राहतेस? स्वतःच्या नावाचा पत्ता घे, तिकडे सगळं हलव. मथळे छोटे कर. पहिल्या दोन ओळींत मुद्द्याचं सांग, गाणी-बिणी नकोत, शोधणाऱ्याला वेळ नसतो. आणि जुना ब्लॉग पुसून टाक. तेच लिखाण दोन ठिकाणी असलं की सर्चचा गोंधळ होतो, दोन्ही खाली जातात."

मी तसंच केलं. आठ संध्याकाळी बसून सगळं हलवलं. 'जुने कुलूप न तोडता कसे उघडावे'चं झालं 'कुलूप उघडण्याचे ५ सोपे उपाय'. सुरुवातीला बाबांच्या गुणगुणण्याच्या दोन ओळी होत्या, त्या काढल्या, जिन्याचं आणि मास्तरांचंही काढलं. मग जुन्या ब्लॉगवर गेले. पानानं विचारलं, 'खरंच पुसायचं?' मी 'हो' दाबलं.

महिन्याभरात आकडा कधी नव्हे एवढा झाला. रोज तीनशे, चारशे. लोक यायचे, पाच उपाय वाचायचे, जायचे. अकरावाला मात्र ज्या दिवशी मी 'हो' दाबलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मी थोडे दिवस वाट पाहिली. मग स्वतःची समजूत घातली की उघडलं असेल त्याचं कुलूप. पण माझा हात आखडला. चारशे जणांसाठी काय लिहायचं ते कळेना. एकासाठी कळत होतं.

त्याच सुमारास बाबा अधूनमधून विचारायला लागले, "हात दुखतो का गं तुझा?"

"नाही तर. का?"

"काही नाही. दिवसभर भिंगं धरतेस, म्हणून म्हटलं."

पंधरा दिवसांनी पुन्हा. "मनगट बरं आहे ना?" एकदा तर तेलाची बाटली आणून माझ्या उशाशी ठेवली. मी आईला म्हटलं, बाबा आता वयाला आले. तेच तेच विचारतात.

मग गेल्या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी मला काही कागदांच्या प्रती काढायच्या होत्या. बाबांच्या जिन्याच्या समोरच एक झेरॉक्सचं दुकान आहे. आत तीन संगणकही आहेत, तासावर मिळतात. झेरॉक्सवाला पोरगेलासा होता तेव्हापासून मला ओळखतो. आता त्याचेही कानाजवळचे केस पांढरे झालेत. मशीन गरम होईपर्यंत तो म्हणाला, "ताई, काकांना काही बोलला का तुम्ही? इकडे येतच नाहीत हल्ली."

"इकडे कशाला येतील ते?"

"म्हणजे? रोज अकराला यायचे की. दोन नंबरचं मशीन. सकाळची गर्दी ओसरली की यायचे, एका बोटानं टकटक करायचे. मी म्हणायचो, काका, काय वाचता एवढं? तर म्हणायचे, कामाचं आहे."

मशीनमधून पहिला कागद बाहेर आला. मी तो उचललाच नाही.

"दीड वर्षापूर्वी काय झालं कोण जाणे," तो सांगत होता. "त्यांना ते सापडेना. तेच टाइप करायचे, खाली खाली जायचे, पुढचं पान, त्याच्या पुढचं पान. विसाव्या पानापर्यंत गेलेले बघितलंय मी. म्हटलं, काका, एवढं कुणी जात नाही हो, द्या मी शोधून देतो. तर म्हणाले, जुडग्यातली शेवटची किल्ली लागेपर्यंत कुलूप बंदच असतं बाबा, तू तुझं काम कर. तीन महिने शोधलं त्यांनी. मग एक दिवस उठले आणि म्हणाले, थांबवलं वाटतं तिनं. झालं. परत आले नाहीत."

मी तिथल्याच स्टुलावर बसले.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा अकरावाला बारा दिवस आला नव्हता. ते मला आठवलं. मी बाबांच्या डोळ्यांत थेंब घालत होते आणि मनात त्या परक्या माणसाची काळजी करत होते. तेराव्या दिवशी तो आला तेव्हा मी आनंदानं घरी येऊन बाबांनाच सांगितलं होतं, "आला हो आमचा." आणि डोळ्यावरची हिरवी पट्टी सावरत बाबा म्हणाले होते, "बरं झालं."

आईला मी त्या दिवशी सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "तुम्ही दोघं. एका ताटातलं मीठ एकमेकांना द्याल, पण बोलाल ते टपालानं. आता जा आणि सरळ सांग त्यांना, नवीन जागा ही अशी अशी आहे."

"नको."

"का नको?"

"मी बजावलं होतं ना, घरच्यांनी वाचायचं नाही. त्यांनी ते पाळलं. परक्यासारखे आले, परक्यासारखे गेले. आता मी सांगितलं तर त्यांना वाटेल, पकडले गेलो. ते ओशाळतील आणि पुन्हा कधी यायचे नाहीत."

आईनं कपाळावरचा हात खाली घेतला. मग म्हणाली, "आणि त्यांना वाटतंय की तुझा हात गेला कामातून."

म्हणजे मला आता एकच काम होतं. एका माणसानं, ते सहा शब्द टाइप केल्यावर, माझं दार त्याला सापडायला हवं होतं. चारशे गेले तरी चालतील.

जुना पत्ता परत मिळाला नाही, कायमचा गेला होता. नव्या जागी मी पहिला लेख पुन्हा उभा करायला बसले. मथळा तोच. आतलं बरंचसं आठवलं, जिना आठवला, मास्तरांचा गुडघा आठवला. पण सुरुवातीच्या त्या दोन ओळी काही केल्या येईनात. बाबा अलीकडे गुणगुणतही नव्हते. मी बागवालीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझं चुकलं गं. मी तुला सगळ्यांसाठी लिहायला शिकवलं."

"तू शिकवलंस म्हणूनच ते आले होते. शेजार नसता तर त्यांना सर्चमध्ये माझं दार दिसलं असतं का?"

"थांब जरा. त्या ओळी मी माझ्या जुन्या ब्लॉगवर उतरवून घेतल्या होत्या. तुझी ओळख करून देताना. पहिल्या वर्षी."

तिचा कुंड्यांचा ब्लॉग अजून होता. नऊ वर्षांत तिथं कुणी झाडूही मारला नव्हता. कडेला शेजाराची यादी तशीच होती, त्यात माझ्या जुन्या ब्लॉगचं नाव, आणि एका जुन्या लेखाच्या मधोमध त्या दोन ओळी.

लोखंडाच्या दारा, तुला कानानं ऐकीन,
आत बोलशील जे जे, तेच बोटानं लिहीन.

मी त्या होत्या तिथं, लेखाच्या माथ्यावर परत ठेवल्या. बागवालीनं पासवर्ड आठवायला दोन दिवस घेतले. मग नऊ वर्षांनी पहिल्यांदा तिथं एकच वाक्य लिहिलं, 'माझी जुनी शेजारीण परत आली आहे', आणि त्याला माझ्या लेखाची लिंक जोडली. म्हणाली, "आता सर्चनं इथं येऊन तुझ्या नव्या पानाची नोंद घ्यायला हवी. चार दिवस लागतील, नाहीतर चौदा. त्याला घाई करता येत नाही."

रोज सकाळी दुकानात पोचलं की मी ते सहा शब्द टाइप करायचे. पहिल्या पानावर मोठ्या कंपन्या, दुसऱ्यावर व्हिडिओ, पुढे कुणाकुणाचे पाच उपाय, सात उपाय, अकरा उपाय. माझा जुना मथळा कुठंच नाही. आठव्या दिवशी तो दिसला. नवव्या पानावर, खालून दुसरा. बागवालीला कळवलं तर ती हळहळली. "नववं पान म्हणजे नसल्यातच जमा गं. थांब, अजून वर आणूया."

"नको," मी म्हटलं. "ते विसाव्यापर्यंत जातात."

एवढंच उरलं होतं की बाबांनी पुन्हा एकदा दोन नंबरच्या मशीनसमोर बसायला हवं. ते मी सांगितल्यावर झेरॉक्सवाल्यानं जमवलं. त्यानं मला नंतर सांगितलं ते असं. तो जिन्याखाली गेला आणि म्हणाला, "काका, दोन नंबरची काही बटणं घट्ट झालीत. तुमच्या बोटांना लगेच कळेल. जरा चालवून बघता?"

"माझं काम कुलपाचं."

"बटणंच आहेत हो, खालीवर होतात. तुमच्या कुलपातल्या खिट्ट्या तरी वेगळं काय करतात?"

बाबा पाच मिनिटांनी उठले म्हणे. हात पुसले, चष्मा लावला. चष्मा मीच बनवलेला. बसले आणि बटणं तपासायला काहीतरी टाइप तर करायलाच हवं, म्हणून एका बोटानं करायला लागले. दुसरं काही टाइप करायची त्या बोटाला सवयच नव्हती.

मी तेव्हा एका आजींना पाटी वाचायला लावत होते. "खालची ओळ दिसते का आजी?"

"दिसते, पण अंधुक."

"सावकाश बघा. घाई नाही."

त्यांचं झाल्यावर मागच्या खोलीत गेले. त्या पानासमोरचा आकडा आठ दिवस शून्य होता. त्यात माझं येणं धरू नये अशी सोय आता मला करता येते. अकरा वाजून बावीस मिनिटांनी तिथं एक झाला होता. मी भिंगांच्या यंत्राला टेकून बघत राहिले. तो एक गेला नाही. दहा मिनिटं होता, वीस मिनिटं होता. पहिल्या लेखावरून नव्या पत्त्यावरच्या यादीत गेला, दीड वर्षात मी जे काही थोडंफार लिहिलं होतं ते त्यानं एकेक करून उघडलं. पुढून हाक आली, "अहो, गिऱ्हाईक थांबलंय." मी बाहेर गेले, कुणाच्या तरी कानामागे चष्म्याची काडी बसवली, ती टोचते का विचारलं आणि परत आत आले. तो अजून होता.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बाबा आधीच आलेले होते. पाय धुऊन झाले होते, टॉवेल दोरीवर होता. आई माझ्याकडे बघून लगेच पाठ करून उभी राहिली, तिला हसू आवरेना. बाबा खिडकीपाशी बसून ब्रशनं कानस साफ करत होते आणि फार हळू, दातांच्या फटीतून, काहीतरी गुणगुणत होते. लोखंडाच्या दारा एवढंच मला ऐकू आलं. मी चपला काढल्या. पिशवी ठेवली.

त्यांनी कानस उजेडात धरली, तिच्यावर फुंकर मारली आणि तिच्याकडेच बघत विचारलं, "हात दुखायचा थांबला वाटतं तुझा."

"हो बाबा," मी म्हटलं. "आजच थांबला."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि माझ्या उशाशी ठेवलेली ती तेलाची बाटली उचलून परत आत, फळीवर ठेवून आले.